न्हाणीच्या दाराची कडी

आमच्या बायकांच्या गटाचं सगळ्यात गाजलेलं पत्रक मी लिहिलं. बसस्थानकातल्या बायकांच्या शौचालयाच्या दारांना आतून कड्या नाहीत, त्या लावा, एवढीच मागणी. त्यात एक वाक्य होतं: 'आतून कडी नसलेलं दार हे दार नसतं, तो पडदा असतो.' या वाक्यावर मी खूश होते. अमडापूरच्या बाजारात ते मोठ्यानं म्हणत पत्रकं वाटली आणि उरलेला गठ्ठा घरी आणून फळीवर टाकला.

आईनं त्यातलं एक चष्मा लावून वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "मस्त लिह्यलं. आपल्या न्हाणीले कडी कवा लावतं?"

आमची न्हाणी परसात आहे. विटांच्या भिंती, वर टिन, आणि लाकडी पट्ट्यांवर पत्रा ठोकलेलं दार. त्याला बाहेरून कडी आहे, शेळ्या आत शिरू नयेत म्हणून. आतून काही नाही. बाई आत असली की बाहेर उंबऱ्याशी तांब्या पालथा ठेवायचा, ही आमच्या घरची रीत. तांब्या पालथा दिसला की बाबा, काका, भाऊ, चुलतभाऊ खाकरून मागं फिरतात. चार पुरुषांच्या घरात एवढ्या एका तांब्यावर दोन बायकांची अब्रू सांभाळलेली.

पण तांब्याची भाषा घरच्यांना कळते. मलकापूरला कशी कळणार?

मलकापूरहून बाबांच्या ओळखीचे एक कापसाचे व्यापारी हंगामात येतात. आले की चपला काढून सरळ हातपाय धुवायला न्हाणीकडे. आदल्या हंगामात त्यांचा पाय लागून तांब्या उडाला आणि त्यांनी दार ढकललं. आई आत होती. ते "अरे अरे" करत बाहेर आले, मग चहा प्यायले, कापूस पाहिला, गेले. त्यावर घरात एक शब्द कोणी काढला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून आई उजाडायच्या आत आंघोळ उरकू लागली, थंडीतसुद्धा, चार मग अंगावर ओतून. मी हे रोज पाहत होते आणि बसस्थानकाच्या कड्यांवर पत्रक लिहीत होते. लाज वाटायला हवी होती. वाटली, पण आईनं विचारल्यावर.

बाबांना म्हटलं तर म्हणाले, "मिस्तरीले सांगतो."

"किती वर्षं झाली सांगून?"

"येईन ना तो. त्याले काय आपलं एकच काम हाये?"

मग काकांनी माहिती पुरवली की पूर्वी आतून कडी होती. मी चार वर्षांची असताना स्वतःला आत कोंडून घेतलं आणि बाबांनी पहारीनं ती उचकटली. "तुह्याच पायी तोडली वं ती," काका म्हणाले. म्हणजे दोष माझा. मी सव्वीस वर्षांची आहे. बावीस वर्षं एक मिस्तरी उद्या येतो आहे, आणि दोष चार वर्षांच्या पोरीचा. बरं.

मी चिखलीला गेले. हार्डवेअरच्या दुकानात ड्रिल मशीन मागितली तर दुकानदारानं माझ्या मागं कोणी आहे का ते पाहिलं. "घरी कोणी माणूस नाई का ताई?"

"चार हायेत," मी म्हटलं. "म्हणूनच मी आली."

तो हसला नाही, पण मग नीट बोलला. मशीनवर हातोडीचं चित्र असतं, खटका तिकडं केला की भिंत, इकडं केला की लाकूड. भिंतीला भोक पाडायचा बिट वेगळा, लाकडाला पाडायचा वेगळा. आतून सरकवायची लोखंडी कडी, स्क्रू, पेचकस, लोखंड कापायची करवत. एवढं सामान पिशवीत घेऊन मी एसटीत बसले तेव्हा मला पत्रकाच्या गठ्ठ्यापेक्षा ते जड वाटलं आणि जास्त खरंही.

घरी काकांनी मशीन हातात घेऊन वजन पाहिलं. "हे पोरीचं काम नाई. हात फिरला तं मनगट जाईन."

"पऱ्हाटी उपटताना मनगट जात नाही का?" मी विचारलं. आमच्याकडे वाळलेल्या कपाशीची झाडं उपटतात कोण? बायका. विळा, खुरपं, कुऱ्हाड बायकांच्या हातात चालते. वायर लागली की तेच हत्यार पुरुषाचं होतं. हा कायदा कोणी केला? काका खाट टाकून बघायला बसले.

कडी दाराच्या पट्टीवर सहज बसली. तिची दांडी सरकून भिंतीतल्या भोकात जायला हवी होती. मी भिंतीला बिट लावला आणि खटका दाबला. वरचं प्लास्टर फुटलं, आणि आतून मातीच येऊ लागली. आमच्या न्हाणीच्या विटा मातीत रचलेल्या आहेत, सिमेंट फक्त वरून, पाहुण्यांना दिसावं म्हणून. बोट जाईल एवढं भोक पाहिजे होतं, मूठ जाईल एवढं झालं.

"झालं," काका म्हणाले. "आता मिस्तरीच लागन."

मी तोंडावरची माती पुसली. विहिरीच्या मोटारीच्या जुन्या पाइपाचा तुकडा गोठ्यात पडला होता. करवतीनं त्यातला वीतभर कापला. कापता कापता तळहाताला फोड आले. तो तुकडा भोकात बसवला, भोवती सिमेंट लिंपलं, आणि दोन दिवस त्यावर पाणी मारलं. तिसऱ्या दिवशी कडी सरकवली. दांडी पाइपात टक्क करून गेली. काकांनी बाहेरून दार ढकललं. मग खांद्यानं ढकललं. मग म्हणाले, "पक्की हाये," आणि खाट उचलून गेले.

मी त्या दिवशी फार उंच झाले होते. गटातल्या दोघींना फोन करून सांगितलं. पुढच्या पत्रकाचं पहिलं वाक्य डोक्यात तयार होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मला जाग आली. परसात पाणी ओतल्याचा आवाज येत होता. उठून पाहिलं तर न्हाणीच्या उंबऱ्याशी तांब्या पालथा.

आई बाहेर आल्यावर विचारलं, "कडी लावली नव्हती?"

"चांगली हाये कडी."

"लावली का नाही ते सांग."

ती केस झटकत राहिली. मग म्हणाली, "हात नाई जात माय."

तिनं दाखवलं. उजवा हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला. डाव्यानं कडीला बोट लागलं, पण ती घट्ट दांडी सरकवायला जोर येईना. वेचणीची ओटी कमरेला बांधून तिनं जन्मभर कापूस काढला, खांदे त्यातच गेले. मला माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं. वरच्या फळीवरचा डबा तिला मीच काढून देते.

आणि मी कडी लावली होती दाराच्या वरच्या टोकाला. कारण आमच्या घरात प्रत्येक दाराची कडी वरच असते. लेकरांचा हात पोचू नये म्हणून. या घरातलं शेवटचं लेकरू मी होते.

"मग काल काऊन नाही बोलली?"

"तू एवढी राबली. म्या म्हटलं, राहू दे."

मी बरीच भाषणं ऐकली आहेत आणि थोडी केलीही आहेत, की ज्याच्यासाठी काम करायचं त्याला आधी विचारा. मिस्तरीला नावं ठेवली, बाबांना ठेवली, काकांना ठेवली. आईला न्हाणीत उभं करून "हात कुठवर जातो" एवढं विचारलं नाही. ही चूक माझी, आणि ती मी इथं कबूल करते. पण कबूल करून बसून राहणं हा आमच्या घरातल्या पुरुषांचा धंदा आहे, माझा नाही.

त्याच दुपारी आईला दाराआड उभं केलं. "हात ठेव. जिथं जोर येतो तिथं." तिनं कमरेच्या जरा वर तळहात टेकला. मी खडूनं तिच्या पंजाभोवती रेघ मारली. ती म्हणाली, "गुदगुल्या होऊन राह्यल्या." या वेळी पाइप आधी कापला आणि भोक मग पाडलं. वरची कडी काढून रेघेवर बसवली, दांडीला तेल सोडलं. बाबा आले, कमरेएवढ्या कडीकडे पाहून म्हणाले, "एवढी खाली कडी असते का कुठं?"

"इथं असते," मी म्हटलं.

सिमेंट वाळल्यावर आईनं नऊ वाजता पाणी तापत घातलं. नऊ वाजता, उन्हात. तांब्या तिनं आत नेला, अंगावर पाणी घ्यायला.

पुढच्या हंगामात मलकापूरचे व्यापारी आले. चपला काढल्या, सरळ परसात गेले, आणि दार ढकललं. दार हललं नाही. त्यांनी पुन्हा ढकललं. मी ओट्यावर तुरी निवडत होते, उठले नाही.

आतून आई म्हणाली, "कोन हाये?"

"मी हो वहिनी. हातपाय धुवाचे होते."

"थांबा मंग. येळ लागन मले."

बाबा लगबगीनं बादली घेऊन आले आणि त्यांनी पाहुण्यांच्या पायांवर अंगणात पाणी घातलं. आत पाण्याचा आवाज चालूच होता, सावकाश. चहा झाला, कापूस पाहून झाला, तरी चालूच होता.