काकूंचा थाई टीव्ही

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. क्रॉयडनमधली आम्ही सात-आठ घरं रविवारी कुणाकडे तरी जमतो, बुद्धवंदना घेतो, पोटभर जेवतो, आणि मग एकाने काही सांगितलं की दुसऱ्याला तिसरंच आठवतं. मात्र एक गोष्ट मी पाहून ठेवली आहे. आमचे निम्मे किस्से सुधीरच्या घरातले असतात, आणि त्यांच्या मुळाशी त्याच्या भिंतीवरची एक गंजकी सॅटेलाइट डिश असते.

सुधीरने घर घेतलं ते नोई नावाच्या थाई बाईकडून. नोईच्या आईला जिने चढवेनात, म्हणून मायलेकी दोन गल्ल्या सोडून तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये गेल्या. तिथे भिंतीला डिश लावायची परवानगी नव्हती. मग डिश, बॉक्स, रिमोट सगळं घरासोबत सुधीरच्या पदरात पडलं. "या वीकेंडला काढून टाकतो," तो म्हणाला. आमच्याकडे वीकेंडला काढून टाकायच्या गोष्टी वर्षानुवर्षं टिकतात!

त्याच सुमारास सुधीरचे वडील गेले, आणि व्हिसाची बरीच खटपट करून त्याने आईला, आमच्या काकूंना, नागपूरहून इकडे आणलं. कायमचं. म्हणजे 'कायमचं' हे सुधीरचं म्हणणं. काकूंचं म्हणणं, "माझं तिकीट काढून दे." दर महिन्याला! त्यांची बॅग पलंगाखाली भरलेलीच असायची. साडी काढायची, नेसायची, धुतली की परत बॅगेत. सुधीर ऑफिसला, नात अन्वी शाळेत, सून रश्मी वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर, आणि काकू खाली एकट्या. आई एक दिवस खरंच जाईल आणि नागपूरच्या बंद घरात एकटी राहील, ही भीती सुधीरला आत कुठेतरी कुरतडत असायची.

*

एका सकाळी रश्मीला खालून पुष्कळ पुरुषांचे आवाज ऐकू आले. घाबरून ती धावत खाली आली. पाहते तर काकू कार्पेटवर मांडी घालून, हात जोडून बसलेल्या, आणि टीव्हीवर ओळीने बसलेले थाई भंते वंदना म्हणत होते. काकूही त्यांच्यासोबत म्हणत होत्या. पाली तीच, चाल मात्र भलतीच. काकू कधी मागे पडायच्या, कधी पुढे जाऊन थांबायच्या.

संपल्यावर रश्मीने विचारलं, "आई, हे कुठे सापडलं तुम्हाला?"

"रिमोट दाबला तर आले. घाई भारी करून राहिले, पण चुकत नाहीत हो!"

"पण बाकीची भाषा कळते का तुम्हाला?"

"वंदना कळते. बाकीचं कळून मला काय करायचं आहे?"

डिश काढायचा वीकेंड त्यानंतर कधीच आला नाही.

*

थायलंडमध्ये संध्याकाळी सहा वाजता टीव्हीवर राष्ट्रगीत लागतं. तेव्हा इकडे उन्हाळ्यात दुपारचे बारा वाजलेले असतात. एकदा मी सुधीरकडे ड्रिल मशीन परत द्यायला गेलो, तर काकू स्वयंपाकघराच्या दारात ताठ उभ्या, हातात झारा, मागे कढईत भजी करपत होती.

"काकू, गॅस!"

त्यांनी डोळ्यांनीच मला दटावलं. गीत संपल्यावर झारा आत गेला आणि मग मला उत्तर मिळालं. "टीव्हीत सगळे उभे आहेत अन् आपण भजी तळायची? बरं दिसतं का ते?"

त्यानंतर बारा वाजता त्या घरात कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. गॅस दुरुस्त करायला आलेला गोरा माणूससुद्धा एकदा पाना धरून उभा राहिला होता! ऑक्टोबरात इथली घड्याळं मागे गेली आणि गीत अकरालाच वाजलं. रश्मीने समजावलं, "आई, वेळ बदलली." काकू म्हणाल्या, "त्यांची कुठे बदलली? ते रोजच्यासारखेच उभे आहेत. बदलली ती तुमची."

मी तेव्हा तिथेच होतो, आणि घरी येईपर्यंत त्याच वाक्याचा विचार करत होतो. इथे येऊन मला एकवीस वर्षं झाली. माझी नक्की कोणती वेळ चालू आहे, हे मला अजून सांगता येत नाही.

*

मग मालिका सुरू झाल्या. दर रविवारी जेवणानंतर काकू आम्हाला आठवड्याची गोष्ट सांगायच्या. मोठं घर, कडक सासू, दोन दिरांची भांडणं, आणि पांढऱ्या कपड्यांतली थोरली सून. "विधवा आहे बिचारी," काकू सांगायच्या. "दिवसभर जिन्यावर बसून असते. सगळे बाजूने जातात-येतात, कुणी एक शब्द बोलत नाही. जेवायलासुद्धा बोलावत नाहीत." आम्ही सगळे त्या सासूवर मनापासून चिडलो होतो.

एका रविवारी आम्ही जमलेलो असताना नोई जुन्या पत्त्यावर आलेली पत्रं घ्यायला आली. मालिका चालूच होती. सुधीरने तिला थोरल्या सुनेबद्दल विचारलं. नोई हसत सुटली. "No, no! She is a ghost! She died in the first episode."

सुधीरने चाचरत आईला सांगितलं, "आई, ती भूत आहे. पहिल्याच भागात मेली. म्हणून ती कुणाला दिसत नाही."

आम्हाला वाटलं काकू खजील होतील. त्या म्हणाल्या, "मेली म्हणून काय झालं? घरात तर बसली आहे ना! चहा घेतेस का, एवढं तरी विचारावं माणसाने."

दुसऱ्या दिवसापासून रश्मी रोज अकरा वाजता लॅपटॉप बंद करून खाली चहाला येऊ लागली.

*

चौदा एप्रिलच्या जयंतीला आम्ही सगळे कॅमडेनच्या, आता स्मारक झालेल्या घरी जातो. त्या वर्षी वंदना म्हणायचा मान अन्वीला मिळाला होता. वय वर्षं नऊ, इथेच जन्मलेली. माइकसमोर उभी राहिली आणि तिने सगळी वंदना खणखणीत आवाजात, एकही शब्द न चुकता म्हटली. थाई चालीत! आजीसोबत टीव्हीसमोर बसून तिला तीच चाल पाठ झाली होती.

आमच्यातले ज्येष्ठ गजभिये काका अस्वस्थ झाले. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी तिला प्रेमाने जवळ बोलावलं. "बेटा, छान म्हटलंस. पण ही चाल आपली नाही. आपली नागपूरची चाल वेगळी आहे."

अन्वीने विचारलं, "पण काका, बुद्ध पण नागपूरला कुठे राहायचा?"

गजभिये काकांनी तिला दोन पेढे दिले आणि विषय बदलला.

*

पत्रं घेऊन निघताना नोईने त्या भुताच्या दिवशी संकोचत विचारलं होतं, माझी आई आठवड्यातून एकदा इथे टीव्ही बघायला आली तर चालेल का? डिश गेल्यापासून ती गप्प गप्प असते, फोनवर लावून दिलेलं तिला बघवत नाही.

मग दर बुधवारी नोईची आई यायची. काकूंना थाई येत नाही, तिला मराठी येत नाही, इंग्रजी दोघींनाही नाही. सोबत टीव्ही बघायचा, मग वंदना. एक नागपूरच्या चालीत, एक थाई. जिची आधी संपेल तिने थांबायचं, आणि शेवटचा 'साधु' दोघींनी एकत्र म्हणायचा. एकदा काकूंनी जवळ्याची चटणी दिली, तर तिने ती कच्च्या पपईत कुटून परत आणली. काकूंनी बोटं चाटली.

आणि एक गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली. काकूंनी तिकीट मागणं बंद केलं होतं.

*

पण थायलंडचं तिकीट नोईची आईही मागत होतीच, आणि गेल्या हिवाळ्यात नोईने ते काढलं. निरोपाला मायलेकी आल्या तेव्हा आईने काकूंचा हात धरून थाईत बराच वेळ काही सांगितलं. काकूंनी मराठीत उत्तर दिलं. नोईने भाषांतर करायला तोंड उघडलं, तर दोघींनी तिला गप्प केलं.

सुधीर मला ट्राममध्ये म्हणाला, "आता आई जाणार बघ. या वेळी मी नाही म्हणणार नाही." माझी आई इथे तीन आठवडे राहून परत गेली होती. तिने तिकीट मागितलं आणि मी त्याच संध्याकाळी काढून दिलं. तिला थांब म्हणायला हवं होतं, हे आता रोज वाटतं.

काकू बुधवारी एकट्याच टीव्हीसमोर बसायच्या. दोन कप चहा करायच्या आणि दोन्ही स्वतःच प्यायच्या. महिने गेले. बॅग पलंगाखाली होतीच.

बुद्धपौर्णिमा रविवारी आली. आम्ही सगळे सुधीरकडे होतो. थायलंडमध्ये रात्र झाली होती आणि टीव्हीवर विहाराभोवती माणसांची मोठी रांग मेणबत्त्या घेऊन प्रदक्षिणा घालत होती. सगळे पांढऱ्या कपड्यांत, त्यात म्हाताऱ्या बायका शेकड्यांनी. काकू टीव्हीला नाक लागेल इतक्या जवळ खुर्ची घेऊन एकेका म्हातारीचा चेहरा निरखत बसल्या होत्या. रश्मीने जेवायला दोनदा बोलावलं, त्या हलल्या नाहीत.

शेवटी सुधीर त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला.

"आई, तुझंपण तिकीट काढू का? खरंच विचारतोय."

काकूंनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "वेडा आहेस का? मी गेले तर हिला शोधणार कोण?"