आखाजीआधीचा रिपोर्ट

आमच्या घरी देवघराशेजारच्या खिळ्याला वडिलांच्या रक्ताचा रिपोर्ट टांगलेला असायचा, तोही लॅमिनेट केलेला. माझं बीएस्सीचं प्रमाणपत्र पत्र्याच्या पेटीत कसर लागून पडलं आहे, पण त्याची कोणाला पर्वा नव्हती. घरी आलेल्या पाहुण्याला आधी पाणी, मग चहा आणि मग रिपोर्ट दाखवला जाई. पाहुण्याने चष्मा लावून तो वाचायचा, मान डोलवायची आणि म्हणायचं, "वा आबा, नॉर्मल!" एवढं झाल्याशिवाय त्याला उठू देत नसत.

आबा म्हणजे माझे वडील. भडगावजवळ गिरणेच्या काठी आमचं गाव. तिथे आबांची केळीची बाग आहे, कापूस आहे, आणि आबांना स्वतःला गेली बारा-पंधरा वर्षं मधुमेह आहे. तिन्हींची निगराणी ते सारख्याच विश्वासाने करत, म्हणजे बांधावरून एक नजर टाकून.

त्यांची साखर वर्षातून एकदाच तपासली जायची, आणि तीही आखाजीच्या तोंडावर. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात दिवाळीहून मोठा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि घरोघरी उलट्या खापरावर पुरणाचे मांडे भाजले जातात, ओढणीएवढे रुंद आणि पातळ. सोबत आमरस. मधुमेहाच्या माणसाने त्या दिवशी काय करावं याचं उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही, म्हणून आबांनी स्वतःच शोधून काढलं होतं. आधी रिपोर्ट नॉर्मल आणायचा आणि मग तो समोर ठेवून जेवायला बसायचं.

त्यासाठी घरात परीक्षेचं वातावरण असे. तपासणीच्या आधी तीन दिवस सकाळी कारल्याचा रस, दुपारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची अर्धी भाकरी, संध्याकाळी नुसती मेथी. चहा बंद, केळं बंद, बागेत घड पिकलेला दिसला तर आबा तोंड फिरवून जात. सकाळ-संध्याकाळ नदीपर्यंत चालणं. वर्षभर फडताळात झोपलेल्या गोळ्या या तीन दिवसांत वेळच्या वेळी घेतल्या जात. आई आल्यागेल्याला दारातूनच सांगे, "हळू बोला, त्यासनी तपासनी शे." चौथ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी भडगावला रक्त द्यायचं, आणि दुपारी आबा एसटीतून उतरत ते हातात कागद उंच धरून, सगळं नॉर्मल असल्याचं ओरडतच.

"बठ्ठं नॉर्मल शे! बठ्ठं!"

मग जे सुटत ते पुढच्या आखाजीपर्यंत. गोळ्याही सुटत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पास व्हयेल मानूस पुस्तक उघाडस का?" मी हसले. खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं होतं. धुळ्याला परत गेल्यावर मी शिक्षकांच्या खोलीत ते वाक्य नक्कल करून सांगितलं आणि भरपूर हशा मिळवला.

आता माझं. मी धुळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मधुमेहाची कारणे, लक्षणे व उपचार लिहा, हा माझा दरवर्षीचा ठरलेला प्रश्न. वारंवार तहान लागणे, वारंवार लघवी होणे, थकवा, जखम लवकर न भरणे, हातापायांना मुंग्या येणे, संवेदना कमी होणे. ज्या पोराने शेवटचा मुद्दा गाळला त्याचा अर्धा गुण मी कापत असे, आणि वर लाल शाईने "अपूर्ण" असं लिहीत असे. माझी अशी ख्याती आहे की माझ्या हातून अर्धा गुण सुटत नाही.

आबांच्या पायांची आग व्हायला लागली तेव्हा आईने काशाच्या वाटीने तळव्यांना तूप चोळायला सुरुवात केली. दोन वर्षं रोज चोळलं. आबा म्हणत, पाय चुलीत घातल्यासारखे वाटतात. मग हळूहळू आग कमी झाली आणि एक दिवस अजिबात थांबली. त्याचं सगळं श्रेय वाटीला मिळालं. शेजारच्या दोन घरांत तशाच वाट्या आल्या. मीही फोनवर म्हणाले, "चला, बरं झालं." आग थांबली म्हणजे तिची जाणीव नेणारी नसच थकली, हे विज्ञानाच्या बाईला सुचलं नाही. सुचलं असतं तर मी माझाही अर्धा गुण कापला असता.

त्यानंतर आबांना पायांचा गर्वच झाला. बागेत ते पहिल्यापासून अनवाणीच जात, जमिनीवर चप्पल घालून पाय द्यायचा नाही ही त्यांची रीत. आता ते बाभळीच्या काट्यावर पाय देऊन दाखवत. "हाई पाय नही, लोखंड शे. काटाबी टोचत नही." बघणारे वाहवा करत. या वयात अशी तब्येत हवी, असं सगळ्यांचं मत पडलं.

गेल्या आखाजीला मी घरी होते. रिपोर्ट आला होता, नॉर्मल होता, मांडे भाजून तयार होते. आमच्याकडे त्या दिवशी पितरांचंही जेवण असतं. घरातल्या कर्त्या माणसाने विस्तवावर घास टाकायचा, आणि मग गच्चीवर जाऊन कावळ्यासाठी पान ठेवायचं. दुपारचे बारा वाजले होते. खानदेशातल्या वैशाखातले बारा, तेव्हा गच्चीच्या स्लॅबवर पापड टाकला तर भाजून निघेल. पूजेचं काम म्हणून आबा अनवाणी. माझा भाऊ मागून पाण्याचा तांब्या घेऊन चढला, चप्पल घालून, आणि तरी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता.

कावळे येईनात. सगळ्या गावाने एकाच वेळी पानं मांडली होती, कावळ्यांना निवड होती. आबा हात जोडून उभे राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी जिन्याच्या सावलीतून पाहत होते. ते जागचे हललेसुद्धा नाहीत. भाऊ खाली येऊन म्हणाला, "देख, याले श्रद्धा म्हनतस." मलाही भरून आलं. मी डोळे पुसले, हे मी लपवणार नाही.

जेवणं झाली. आबांनी तीन मांडे खाल्ले, दोन वाट्या रस प्यायले आणि ओसरीवर बाजेवर आडवे झाले. मी उष्टी काढत होते तेव्हा फरशीवर ताटापासून बाजेपर्यंत ओलसर ठसे दिसले. मी चिडून म्हणाले, "आबा, रस सांडला आणि त्यातून चालत गेलात! माश्या बसतील आता." ते म्हणाले, रस तर वाटीत पुरला नाही, सांडेल कुठून. मी फडकं घेऊन वाकले. रस पिवळा असतो. हे पाणी होतं, आणि शेवटच्या ठशात थोडं लाल होतं.

मी त्यांचे पाय उचलून पाहिले. दोन्ही तळव्यांना टाचेपासून बोटांपर्यंत फोड आले होते आणि ते चालता चालता फुटले होते. कातडी सुटून लोंबत होती. आबा छताकडे बघत विचारत होते, "काय व्हयनं? काय देखी ऱ्हायनी?"

मग घरात उपचार सुरू झाले. आई हळद घेऊन आली, भाऊ टूथपेस्ट, आणि शेजारून बिब्बा घालण्याचा सल्ला आला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात ओरडले. कोणी काही लावायचं नाही, म्हणाले. स्वच्छ पाण्याने पाय धुतले, धुतलेलं सुती कापड गुंडाळलं आणि भावाच्या गाडीत घालून त्यांना धुळ्याला आणलं. सणाच्या दिवशी कर्ता माणूस घराबाहेर काढला म्हणून आई दारात रडत होती. मी वाटभर रागावलेली होते, पण कोणावर ते मला पारोळ्यापर्यंत कळत नव्हतं. पारोळ्यानंतर कळलं.

आबांनी सोबत रिपोर्ट घेतला होता. डॉक्टरांच्या टेबलावर त्यांनी तो ठेवला, एखाद्या खटल्यातला पुरावा ठेवावा तसा. डॉक्टर तरुण होते, त्यांनी तो नीट वाचला. "खरा आहे हा," ते म्हणाले, "त्या सकाळपुरता." मग त्यांनी वेगळी तपासणी सांगितली. रक्तातली गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर तीत कळते, तीन दिवस कारलं खाऊन ती फसत नाही. आबा मनापासून दुखावले. असा पेपर आधी न सांगता काढणं हा त्यांना सरळ अन्याय वाटला.

मग डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. एक जाड नायलॉनचा धागा घेऊन ते आबांच्या बोटांना आणि तळव्याला, जिथे कातडी धड होती तिथे, एकेक करून टेकवू लागले. धागा लागला की हो म्हणायचं. अंगठा झाला, करंगळी झाली, दुसरा पाय झाला. आबा गप्प. धागा कधी टेकतो याची वाट बघून शेवटी वैतागून म्हणाले, "लावा ना साहेब, कवयना डोया मिटीसन बठेल शे मी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मला आठवलं की दरवर्षी माहेरी गेल्यावर आणि निघताना मी या पायांना हात लावत आले. त्यांचा आशीर्वाद कधी एका क्षणाने चुकला नव्हता. ते माझं वाकणं बघून द्यायचे. माझा हात त्यांना किती वर्षांपासून लागत नव्हता, देव जाणे. मी तिथे, डॉक्टरांसमोर, तोंडावर पदर धरून रडले.

पाय वाचले. उजव्या पायाची करंगळी गेली. दोन महिने आबा माझ्याकडे राहिले. इन्सुलिन, एक दिवसाआड ड्रेसिंग, पायावर भार न टाकणं. मऊ बंद चपला आल्या, आणि रोज आरशात तळवे बघायची सवय लागली, कारण दुखून सांगण्याचं काम आता पाय करणार नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली जाणीव बहुधा परत येत नाही, आहे ते जपायचं. पण आबांना त्या धाग्याचा पेपर नापास झाल्याचं शल्य होतं. ते मला दर रविवारी धागा टेकवायला लावत. एका रविवारी त्यांनी दर वेळी "लागना", म्हणजे लागला, असं म्हणत सगळी उत्तरं बरोबर दिली. मी आनंदाने आईला फोन करणार होते, तेवढ्यात शंका आली. मी हातातल्या बांगड्या काढून पुन्हा धागा टेकवला. एकही उत्तर आलं नाही. ते बांगड्यांचा आवाज ऐकून "लागना" म्हणत होते.

मी बांगड्या पुन्हा घातल्या.

ते गावी निघाले त्या दिवशी भाऊ गाडी घेऊन आला होता. आबा खुर्चीत बसले होते, नव्या चपला बाजूला काढून, मी नमस्कार करणार म्हणून. मी समोर गेले तसे त्यांनी डोळे मिटून घेतले, अगदी घट्ट. मी वाकले, बांगड्या वाजल्या.

"लागना हात, बाई, लागना," आबा म्हणाले. "सुखी ऱ्हाय."

माझा हात अजून त्यांच्या पायापासून वीतभर दूर होता.