दारातली फळी

गावात एखादं पोर रांगायला लागलं की आठवड्याच्या आत सदू सुतार दारात हजर व्हायचा. बोलावणं लागायचं नाही. हातात पिशवी, कानावर पेन्सिल, आणि "दार मोजून जातंव" एवढंच म्हणून चौकटीला टेप लावायचा. पोराच्या बारशाला न येणारा हा माणूस पोराचं रांगणं मात्र चुकवायचा नाही. बायका हसायच्या. शिवाय चेष्टा करायच्या ती वेगळीच. दिवस गेलेल्या एकीने तर वाटेत अडवून विचारलं होतं, "काका, आत्ताच मोजून घेताव काय?" सदू हसला नाही. तिच्या मागोमाग घरी गेला आणि खरंच मोजून आला.

दोन-तीन दिवसांनी फळी यायची. फणसाच्या लाकडाची, मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या वर येईल एवढी, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. चौकटीला दोन्ही बाजूंनी पट्ट्या मारून खाच केलेली असायची, तिच्यात फळी वरून सोडायची. मोठ्यांनी ओलांडून जावं, पोराने आत राहावं. त्याबद्दल सदू फक्त चहा घ्यायचा, तोही उभ्याउभ्या, आणि निघताना न चुकता सांगायचा, "कोण गावाला निघालं तरी ही काढायची नाय. ओलांडून जाऊ दे त्याला."

हे सांगणं लोकांना खटकायचं, आणि खटकणारच. गावाला निघालेल्या माणसाच्या पाठीवर लगेच दार लावत नाहीत, केर काढत नाहीत. त्याची एसटी वळणापलीकडे जाऊन हॉर्न ऐकू येईपर्यंत दार सताड उघडं ठेवायचं, म्हणजे माणूस सुखरूप पोचतो आणि त्याच वाटेने परत येतो. खाडीकाठच्या जैनुद्दीनभाईंकडेही हीच रीत. त्यांचा अद्नान दुबईला निघाला तेव्हा सून रझिया फळी काढायला वाकली, तर निरोप द्यायला आलेला सदू तिच्यावर चक्क खेकसला. अद्नानने बॅगा फळीवरून उचलून नेल्या. रझियाचे डोळे भरून आले. जैनुद्दीनभाई तिला हळूच म्हणाले, "असू दे बेटा. भोगलंय त्यानं."

भोगलं होतं हे खरं. पण काय भोगत होता ते जैनुद्दीनभाईंनाही ठाऊक नव्हतं. गावाला एवढंच माहीत होतं, की सात वर्षांपूर्वी, गौरी-गणपती गेल्यावर, सदूचा पावणेदोन वर्षांचा नातू शिवा दारातून बाहेर पडला आणि घराखालच्या पऱ्यात वाहून गेला. पावसाळ्यात तो ओढा दोन्ही काठ भरून वाहतो. आणि त्या दिवशी दाराची फळी पोराच्या आईने, नम्रताने, लावली नव्हती.

त्यातलं खरं किती, ते सदू जाणत होता आणि नम्रता जाणत होती.

त्या सकाळी सदूचा मुलगा विनीत सुट्टी संपवून लोट्याला निघाला होता. तिथल्या कंपनीत तो पाळीवर जायचा आणि दोघा मित्रांबरोबर खोली घेऊन राहायचा. पिशव्या बाहेर काढायच्या म्हणून फळी काढून ठेवली होती. सदूची बायको सखू मुलाला पोचवायला स्टॉपपर्यंत गेली. नम्रताने नवऱ्याला हात केला आणि फळी उचलून खाचेत सोडायला गेली, तेव्हा ओटीवर बसलेला सदू म्हणाला, "अगो, ऱ्हाऊ दे. गाडी वळण पार करू दे आधी."

तिने फळी भिंतीला टेकून ठेवली. सासरे ओटीवर आहेत, पोराकडे त्यांचं लक्ष आहे, असं धरून ती चुलीकडे गेली. सदूला वाटलं, पोर आईच्या पाठोपाठ आत गेलं. गाडी त्या दिवशी नेमकी उशिरा आली. मध्येच पावसाची सर आली, म्हणून सदू मागच्या अंगाला ठेवलेलं लाकूड झाकायला उठला. पाच मिनिटं लागली असतील. तो ताडपत्री ओढत असतानाच वळणावर हॉर्न वाजला. मुलगा सुखरूप मार्गी लागला म्हणून त्याला बरं वाटलं, आणि हे बरं वाटणं त्याने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

पऱ्यावरच्या साकवापाशी, त्या अरुंद पुलाच्या तोंडाशी, विनीतची छत्री पडलेली मिळाली. तो ती ओटीवर विसरला होता. पोर बापाला छत्री द्यायला निघालं होतं.

विनीत चिपळूणला पोचायच्या आधीच फोन गेला, आणि दुपारी तो परत आला. अंगणात माणसं जमली होती. दारात येऊन तो थांबला, भिंतीला टेकलेली फळी त्याने पाहिली आणि विचारलं, "ही का लावलेली नव्हती?"

सदूने तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. पण पोटच्या पोराचे ते डोळे बघून त्याचा धीर खचला. मग नम्रताच म्हणाली, "माझ्याकडनं राहिली."

सखूने कपाळावर हात मारून घेतला. "आईनं लक्ष ठेवलंन नाय," ती म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत हे वाक्य साऱ्या वाडीत झालं. आज नाही तर दिवसकार्य झाल्यावर बोलू, असं सदूने ठरवलं. मग वर्षश्राद्धाला बोलू. खोटं तो कधी बोलला नाही, हे त्याच्या बाजूने म्हणता येईल. पण गप्प राहून माणूस किती खोटं बोलू शकतो, ते त्याच्याकडे बघून कळावं. विनीत वेगळी खोली करून नम्रताला लोट्याला घेऊन गेला. तिथे तो तिच्याशी कामापुरतं बोलतो, हे शेजारणीकडून गावात कळलं. ते ऐकलं त्या दिवशी सदू पहिल्यांदा दुसऱ्याचं दार मोजायला गेला. सात वर्षांत त्याने गावभर फळ्या लावल्या. एकही पोर बाहेर गेलं नाही. पण तेवढ्याने त्याच्या छातीवरचं ओझं काही हललं नाही.

यंदा गणपतीला विनीत आणि नम्रता आले ते सव्वा वर्षाच्या सावनीला घेऊन. सदूने माळ्यावरची जुनी फळी काढली, पुसली आणि नम्रताच्या हातात न देता स्वतःच खाचेत सोडली. पोर पाच दिवस त्या फळीला धरून उभी राहायची आणि आजोबांकडे बघून खिदळायची. सदू तिला कडेवर घ्यायला धजायचा नाही. तिच्या पायात सखूने घुंगरांचे वाळे घातले होते, आणि ते वाजायचे थांबले की सदू हातातलं काम टाकून उठायचा.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी विनीत एकटाच कामावर निघाला. नम्रता आणखी आठवडाभर राहणार होती. फळी काढून पिशव्या ओटीवर आल्या. विनीतने चपला घातल्या, तो अंगणात उतरला, आणि नम्रताने त्याच्या पाठीवर तत्क्षणी फळी उचलली.

"अगो, आत्ता नको," सखू म्हणाली. "वळण तरी पार करू दे त्याला."

नम्रता थांबली. फळी तिच्या हातात तशीच राहिली. तिने सखूकडे पाहिलं नाही, सदूकडे पाहिलं.

सदू उठला. 

"घाल ती," तो म्हणाला. "तेव्हाही तू घालीत होतीस. मीच नको म्हटलं." मग अंगणात उभ्या असलेल्या मुलाकडे वळून पुन्हा म्हणाला, "विनीत, तिनं फळी उचलली होती रे. गाडी जाऊ दे म्हणून मी थांबवलं तिला. तिची काय चूक नव्हती."

विनीत बापाकडे बघत राहिला. मग त्याने बायकोकडे पाहिलं. खांद्यावरची पिशवी त्याने हळूच खाली ठेवली. सखू मटकन ओटीवर बसली. गाडी आली, स्टॉपवर थोडा वेळ थांबली आणि वळणावर हॉर्न देऊन निघून गेली.

नम्रताने फळी खाचेत सोडली. सावनी लगेच येऊन फळीला धरून उभी राहिली.

"तू का नाय बोललीस गो?" सदूने विचारलं. "एवढी वर्सं?"

"तुमी बोलाल म्हणून थांबले, बाबा," नम्रता म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "त्याच दिवशी बोलला असताव, तर मला ह्यांच्याजवळ बसून रडता आलं असतं."