गारपाणी मावशीचा शोधनिबंध

“चोरी म्हणजे? मी कुणाचं काय चोरलं?”

“तू नाही गं आई. तुझ्या निबंधानं. हे बघ, लाल केलंय. अकरा वाक्यं दुसरीकडून उचललीत, असं निबंध तपासणारं मशीन म्हणतंय.”

“मशीनला म्हणावं, तेवीस वर्षं मी लोकांची घाण उचलतेय. वाक्यं उचलायला सवड कुठून काढू?”

लेक हसली नाही. इस्पितळाच्या धुलाईखान्यामागच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. डबा तसाच बाजूला, आणि लेकीच्या मांडीवर लॅपटॉप. आत मोठी मशिनं घरघरत होती, त्यांच्या हादऱ्यानं बाकसुद्धा थरथरत होता.

धुलाईखान्यात आईला गारपाणी मावशी म्हणत. कुणी रक्ताची चादर घेऊन गरम नळाकडे वळलं, की ही कुठूनही ओरडायची, “गार पाणी!” नवीन आलेल्या प्रत्येक बाईला ती एकच पाठ द्यायची. रक्त गरम पाण्यात घातलं की ते कापडाचा घरजावई होतं, मग उठवल्या उठत नाही. औषधाचा पिवळा डाग हातानं चाचपून बघ, चिकट लागला तर आधी कोरडाच खरवड. अशी वाक्यं सांगून सांगून नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत झाली होती. त्यातला एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही.

धुलाईखान्याच्या प्रमुखबाई तीन महिन्यांनी निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी मावशीच बसणार, हे भिंतींनासुद्धा ठाऊक होतं. पण नवा नियम आला. प्रमुखाला अहवाल लिहावे लागतात, म्हणून कॉलेजचं लेखनाचं प्रमाणपत्र हवं, आणि वय पन्नासच्या आत. मावशीला पन्नास पुरी व्हायला चार महिने उरले होते. लेकीनं ऑनलाइन कॉलेजात नाव घातलं. शोधनिबंध कसा लिहावा, याचा बारा आठवड्यांचा वर्ग. पुढची तुकडी वर्षानं. म्हणजे हुकलं ते हुकलंच.

शिकवणाऱ्या बाई पडद्यावरच्या एका चौकोनात दिसायच्या. काहीही लिहिलं की विचारायच्या, कशावरून? आधार काय? पहिल्याच आठवड्यात मावशीनं विचारलं होतं, “बाई, आधार म्हणून माझे हात चालतील का?”

“हात छापलेले नसतात, ताई.”

एवढं ऐकूनही मावशीनं निबंध लिहिला तो धुलाईवरच. दुसरं येतंय काय? हातानं लिहिला, लेकीनं टाइप केला.

आता लेकीनं लाल वाक्यावर बोट दाबलं. एक पुस्तिका उघडली, ‘इस्पितळातील कापडाची निगा’. खाली जुन्या सुपरवायझरचं नाव. पान चौथं, रक्त गरम पाण्यात घातलं की ते कापडाचा घरजावई होतं.

मावशीनं ते वाक्य दोनदा वाचलं.

नऊ वर्षांपूर्वी सुपरवायझर चार दिवस वही घेऊन तिच्याजवळ स्टुलावर बसले होते. हे का करतेस, ते का करतेस, विचारत होते. ती हात न थांबवता सांगत गेली. तपासणीबिपासणी असेल, असं तिला वाटलं. पुस्तिकेत शेवटी लिहिलं होतं, ‘अनुभवी कर्मचाऱ्यांचे आभार.’

“त्यांच्याकडून दोन ओळी लिहून आण,” लेक म्हणाली. “की हे तूच सांगितलं होतंस. निबंध उद्या दुपारी चारपर्यंत परत द्यायचाय.”

पाळी संपल्यावर मावशी गेली. दोन गल्ल्या पलीकडे घर. सुपरवायझर खुर्चीत, गुडघ्यांवर शाल. त्यांच्या बायकोनं चहा ठेवला आणि आत गेली.

“आठवतंय ना, साहेब?”

“न आठवायला काय झालं? तू बोलत होतीस, मी लिहीत होतो.”

“मग तेवढंच कागदावर द्या. माझी जागा अडलीय.”

साहेबांची नजर भिंतीकडे गेली. समोर काचेचं कपाट होतं. खालच्या फळ्यांवर औषधाच्या बाटल्या आणि वरच्या फळीवर ती पुस्तिका, एकटी, उभी करून ठेवलेली.

“तेहतीस वर्षं हजेरीपटावर सह्या केल्या, मावशी. माझ्या नावावर म्हणावं असं तेवढंच आहे.” मग शाल सारखी करत म्हणाले, “तू माझं नाव घाल ना खाली. काम झाल्याशी मतलब.”

मावशी भांडायच्या तयारीनं आली होती. तोंडात शब्दही होते, चांगले खरखरीत. पण त्या फळीकडे बघून ते गिळले गेले. तिनं चहा संपवला, कप स्वतःच आत नेऊन विसळला आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लेक पुन्हा बाकावर. एकेका वाक्याला अवतरणचिन्हं, पुढे साहेबांचं नाव. चौथ्या वाक्यापाशी तिचं बोट थांबलं.

“घरजावई पण त्यांचाच?”

“घाल.”

“अगं, हे आजीचं आहे. आजोबांना टोमणा मारायची ती.”

“आजी छापली होती कुठे? घाल.”

“मग काढूनच टाकते.”

“काढलंस तर डाग का राहतो, ते कळायचं कसं? घाल म्हणते ना.”

लेकीनं घातलं. मशीन गप्प बसलं. डब्याचं झाकण लावेपर्यंत पडद्यावरच्या बाईंचा शेराही आला. आता प्रत्येक विधानाला आधार आहे, आधी असाच शोधला असता तर बरं झालं असतं, उत्तीर्ण.

“झालं की गं आई. आता तू प्रमुखबाई.”

“हं,” मावशी म्हणाली. पदर खोचून उठली.

आत शस्त्रक्रियेकडून रक्ताळलेल्या चादरींची गाडी येऊन उभी होती. परवाच लागलेली बाई चादर हौदात टाकून गरम नळाला हात घालत होती.

“गार पाणी.” आज ओरड नव्हती, नुसतं सांगणं.

“का हो मावशी?” तिनं ॲप्रनच्या खिशातून चिठोरं आणि पेन काढलं. “सांगा, लिहून घेते.”

मावशीनं तिच्या हातातलं पेन काढून खिडकीत ठेवलं.

“हात घाल आधी,” ती म्हणाली, गार नळ पुरता सोडला आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.