जपानी म्हातारा आणि माझं खाकरणं

तेल्हाऱ्यात चहाच्या टपरीवर आम्हा चार-पाच म्हाताऱ्यांची रोजची बैठक असते. तिथं एकदा आवडत्या पिक्चरची गोष्ट निघाली. कोणी मारामारीचा सांगितला, कोणी देवाचा. मी म्हटलं, माझा आवडता पिक्चर जपानी कार्टून आहे. सगळे हसले. एकानं विचारलं, दुधाचे दात पुन्हा येऊन राहिले काय. हसणाऱ्याला समजावत बसणं माझ्या स्वभावात नाही. इथं लिहितो, कारण लिहिताना मधात कोणी बोलत नाही.

माझं शिक्षण चौथी. त्याची मला लाज नाही. काळ्या जमिनीत कपाशी घ्यायला पाचवी लागली नाही.

तो पिक्चर मी अमरावतीला मुलाच्या घरी पाहिला. मोतीबिंदू काढला होता आणि डॉक्टरनं धुळीत जायला मनाई केली होती, म्हणजे शेत बंद. घरात मी आणि नात. ती दुपारी क्लासवरून आली की जेवता जेवता टीव्हीवर जपानी कार्टून लावायची. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. ती म्हणाली, आबा, वाचून सांगू का? मी म्हटलं, गरज नाही, मला डोळे आहेत. नवा डोळा होता, रंग असे दिसत की जसे कोणी नुकतेच धुऊन वाळत घातले आहेत.

पिक्चरमध्ये एक बेट. बेटावर म्हातारा-म्हातारी. समुद्र मागं हटला की म्हातारी टोपली घेऊन चिखलात उतरते आणि शिंपले वेचते. तिथं धुकं एकदम येतं. धुक्यात दिशा कळत नाही, आणि पाणी तर परत यायचंच असतं. म्हणून म्हातारा काठावर उभा राहून तिचं नाव घेऊन हाका मारतो. ती त्या आवाजाच्या रोखानं चालत येते. एवढंच. रोज तेच. शेवटी एक दिवस धुकं फारच दाट येतं. त्याचा घसा बसतो, तरी तो हाका मारतो. पडदा नुसता पांढरा. बऱ्याच वेळानं त्या पांढऱ्यात टोपलीचा काठ दिसतो आणि पिक्चर संपतो.

चिखल मात्र खरा होता. पाय उचलला की खाली ओढणारा, पोटरीला धरून बसणारा. ज्यानं तो काढला तो चिखलात चाललेला माणूस असणार. तेवढं मी मान्य केलं. बाकी मला पटलं नाही. मी नातीला म्हटलं, याच्या घरी थाळी नाही काय? वाजवावी. बायकोचं नाव घेऊन गावभर बोंबलायचं कामच काय?

"मंग तुमी आजीले काय म्हनता?"

"काहीच नाही म्हनत. खाकरतो."

"अन् ते येते?"

"येते."

"अन् धुकं आलं तर?"

"आपल्या इकडं धुकं येत नाही," मी म्हटलं आणि उठलो.

आमच्यात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. ती उखाण्यात माझं घेते, तेही चार बायांनी अडवलं तर. तिचं नाव मी एकदाच लिहिलं, लग्नात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरदेव अंगठीनं त्यात नवरीचं सासरचं नवं नाव लिहितो. नाव माझ्या आत्यानं निवडलं होतं. मी ते न थांबता लिहिलं, भटजी पाहत राहिले. मग तांदूळ परत पातेल्यात गेले. ते नाव पुढं रेशनकार्डावर राहिलं, घरात कोणी वापरलं नाही. ती कोणाची वहिनी झाली, कोणाची काकू, मग आई, मग आजी. मी दारातून खाकरायचो. खाकरण्याखाकरण्यात फरक असतो. पाणी पाहिजे की चहा की पाहुणा आला, हे तिला आवाजावरून कळायचं.

तिचं माहेरचं नाव वेगळं. ते तिचे भाऊ घ्यायचे. दिवाळीला न्यायला यायचे तेव्हा बैलगाडी वेशीजवळ असतानाच ओरडायचे, नावाची शेवटची मात्रा लांबवून. हातातली कणीक तशीच टाकून ती दारात यायची. माझ्या खाकरण्याला ती कधी एवढी पळत आली नाही, हे मी तेव्हाच पाहून ठेवलं होतं. आता त्यातला एकही भाऊ नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिला ताप आला, उलट्या झाल्या, आणि मग ती झोपेतच राहू लागली. जीपमध्ये टाकून अकोल्याच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं मीठ कमी झालं आहे. सलाईन लावलं. मीठ हळूहळू वर आलं, पण ती डोळे उघडेना. डॉक्टरनं मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की आवाजाला दाद दिली तर चांगलं, नाही तर संध्याकाळी नागपूरला हलवू. मला कोणी सांगितलं नाही. मी मुलाच्या तोंडावरून ओळखलं.

सिस्टर तिच्या कानाशी ओरडत होती. कागदावर होतं ते नाव, म्हणजे मी तांदळात लिहिलेलं. ती हलली नाही. हलेल कशी? त्या नावानं तिला जन्मात कोणी बोलावलं नव्हतं. मुलगा "आई, आई" करत होता, पण त्या वार्डात प्रत्येक खाटेजवळ कोणीतरी आई म्हणून रडत होतं. नातीनं आजी म्हणून पाहिलं. तेच.

मी पायथ्याशी उभा होतो. खाकरलो. काही नाही. पुन्हा खाकरलो, चहाचं नाही, पाहुणा आल्याचं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मला पाणी आणून द्यायला सांगितलं.

नात माझ्याकडं पाहत होती. तिला कळत होतं की नाही माहीत नाही, मला मात्र तो पांढरा पडदा दिसत होता, आणि त्यात टोपली नव्हती.

मी उशाशी गेलो आणि तिचं माहेरचं नाव घेतलं. पहिल्यांदा हळू निघालं, ते काही हाक म्हणण्यासारखं नव्हतं. मग वेशीवरून मारतात तशी मारली, शेवटची मात्रा लांबवून. वार्डातले लोक वळून पाहू लागले. सिस्टर म्हणाली, बाबा, हळू. मी थांबलो नाही. सिस्टरनंच आधी ओरडायला सुरुवात केली होती.

किती वेळा मारली ते मोजलं नाही. आधी तिची बोटं चादरीवर हलली, कणीक झाडल्यासारखी. मग पापणी. डोळे उघडून तिनं आधी दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ओळखायला वेळ लागला.

"नाव काहून घेऊन राहिले?" ती म्हणाली. आवाज फाटका होता. "लोकं आहेत ना."

मुलगा बाहेर जाऊन रडला. मी शेजारच्या बाईला पाणी आणून दिलं.

नागपूरला जावं लागलं नाही. पावसाळ्याआधी ती घरी आली. अमरावतीला गेलो तेव्हा नातीनं तो पिक्चर पुन्हा लावला. आमच्या म्हातारीनं तो मन लावून पाहिला आणि म्हणाली, या मानसाले दुसरा कामधंदा नाही काय. नात तोंडाला ओढणी लावून हसली. काठावर उभं राहणं हा धंदाच आहे, हे मला माहीत होतं. सांगून कोणाला पटलं असतं?

घरी मी पुन्हा खाकरायला लागलो. नाव दवाखान्यापुरतं होतं, ते मी तिथंच ठेवून आलो. पण आता एक नवीन झालं आहे. ती मागच्या अंगणात तूर निवडत बसलेली असते, मी दारातून खाकरतो, आणि ती उठत नाही. मानही वर करत नाही.

"चहा," मी म्हणतो.

"ऐकू नाही येऊन राहिलं," ती म्हणते. सूप हलवत राहते.

तिचे कान ठणठणीत आहेत. मांजर दुधाशी गेलं तर तिला आतून ऐकू येतं. मी दारात उभाच राहतो. ती तूर निवडत राहते. मी पुन्हा खाकरतो.