दुखणं कोणत्या बांधीत सुरू झालं?

कमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत सकाळच्या टेस्ट ट्यूब मांडत होतो. फोन त्यांच्या भावाचा होता, एकोडीहून. "ताई गेली, बाबू..." एवढंच बोलून त्याने ठेवला. पहिल्यांदा मला दुःख झालं नाही, हे लिहिताना लाज वाटते. पहिल्यांदा आठवलं ते कार्ड. आदल्या दुपारी याच टेबलावर मी त्यांच्या रक्ताचं कार्ड वाचलं होतं. एकच रेघ होती.

ताई आमच्या ग्रामीण रुग्णालयात सिस्टर इन्चार्ज होत्या. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा तिकडची सोयीची जागा मिळत असूनही त्या भंडाऱ्यातच राहिल्या. मी दिघोरीचा, घरातला पहिला पदवीधर. हजर व्हायच्या दिवशी बाप सोबत आला आणि चपला दाराबाहेर काढून उभाच राहिला. ताईंनी त्याला स्वतःच्या खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "तुमच्या पोरावर मी विश्वास नाही ठेवणार हो बाबाजी. इथं कोणावरच ठेवत नाही." परत जाताना बाप मला हळूच म्हणाला, "बाई कडक हाय. सांभाळून राह्यजो." आज मी जे काही काम धड करतो, ते त्या अविश्वासाच्या हाताखाली शिकलो.

त्या सुमारास आमच्याकडे ही कार्डं नवीन आली होती. छातीत दुखणाऱ्या माणसाच्या खाटेपाशीच थेंबभर रक्त टाकायचं आणि पंधरा मिनिटं थांबायचं. दोन रेघा आल्या तर हृदयाला इजा झाली, जोखीम मोठी, गाडी नागपूरला. एकच आली तर सगळे सुटकेचा निःश्वास टाकायचे, ताई सोडून. इजेची खूण रक्तात उतरायला काही तास लागतात. दुखणं सुरू झाल्यावर लगेच कार्ड केलं तर ते एकच रेघ दाखवतं आणि माणूस हसत घरी जातो. म्हणून सगळं अडतं ते दुखणं केव्हा सुरू झालं यावर. "रेघ बरोबर राहते बाबू, माणूस वेळ खोटी सांगते," असं त्या म्हणत. आणि पंधरा मिनिटांनंतर उगवलेली रेघ धरायची नाही, हेही त्यांनीच बजावलेलं.

करडीचे एक म्हातारबा आठवतात. भाताच्या रोवणीचे दिवस होते, पायाला बांधीतला, म्हणजे धानाच्या खाचरातला, चिखल वाळलेला.

"केव्हापासून दुखते, मामाजी?" ताईंनी विचारलं.

"सकाळपासून."

"सकाळ म्हणजे किती?"

"सकाळ म्हणजे सकाळ! तू काय पोलीस हायेस?"

"पोलीस असती तं आतापर्यंत कबूल करवून घेतलं असतं. कोणत्या बांधीत होते तुम्ही?"

"तिसऱ्या."

"रोवायचे पऱ्हे उपटून झाले होते?"

"कवाचेच. बाया जेवाले बसल्या होत्या."

ताई माझ्याकडे वळल्या. "लिही बाबू, दुपारी एक." कार्डावर एकच रेघ असूनही त्यांनी म्हातारबांना हलू दिलं नाही. संध्याकाळच्या कार्डावर दुसरी रेघ उमटली. पुढल्या हंगामात ते तांदळाचं गाठोडं घेऊन आले, तर ताईंनी तेही उघडून पाहिलं. "खडे तं नाही ना टाकले?"

निवृत्तीनंतर त्या रोवणीच्या दिवसांत भावाकडे एकोडीला जात. फोन येण्याच्या आदल्या दुपारी दोनच्या सुमारास भाऊ त्यांना मोटारसायकलवर घेऊन आला. त्यांच्याही पायाला चिखल होता. "जरासं दाटल्यावानी होऊन राहिलं," म्हणाल्या. डॉक्टरांनी काढलेल्या ईसीजीच्या पट्टीत काही दिसलं नाही. मी बोटाचं रक्त घेतलं.

"केव्हापासून, ताई?"

"सकाळी सहापासून."

मी लिहून घेतलं. पुढे विचारलं नाही. जिने मला विचारायला शिकवलं, तिलाच कसं विचारायचं? एक रेघ आली. डॉक्टर म्हणाले, थांबा, पुन्हा करू. ताई हसल्या. "आठ तास झाले डॉक्टर, आता कार्ड काय बदलते?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी होकारार्थी मान हलवली. ताई भावासोबत घरी गेल्या...

भेटायला गेलो तेव्हा एकोडीच्या घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी ताईंचा फोटो ठेवला होता. वहिनीला मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं. ती म्हणाली, "सकाळी? नाही बाबू. सकाळी तं ताई गाणे म्हणत रोवत होती. शिदोरी सोडली, तवा छातीले हात लावला. जाताना म्हणे, उद्या शेवटची बांधी हाय, अन् हे लोकं मले नागपूरले पाठवतील."

म्हणजे एकच तास झाला होता. कोणती वेळ सांगितली की आम्ही घरी सोडू, हे साऱ्या तालुक्यात ताईंइतकं कोणाला ठाऊक होतं? की वहिनीच चुकते आहे? भाऊ त्या वेळी अंगणाकडे पाहत होता, माझ्याकडे नाही. त्याचा माझ्यावर संशय आहे का, हे विचारायचं धाडस झालं नाही. मी लिहिलेल्या वेळा हल्ली डॉक्टर रुग्णाला पुन्हा विचारतात. मी मात्र दोघांवर संशय घेतो, ताईंवर आणि स्वतःवर. ताईंवरचा संशय उशिरा घेतला, एवढीच चूक पक्की आहे.

ते कार्ड त्याच दिवशी कचऱ्याच्या पिशवीत जायला हवं होतं. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे. खिडकीशी धरलं की पहिल्या रेघेखाली एक फिकट सावली दिसते. ती तेव्हा होती आणि मी ताईंच्या भरवशावर नीट पाहिलं नाही, की नंतर उगवली, की आता मलाच दिसते... पंधरा मिनिटं केव्हाच उलटून गेली.

परवा न राहवून मी ते नव्या सिस्टरपुढे ठेवलं. साकोलीची मुलगी, नोकरीला लागून महिना व्हायचा आहे. "एक रेघ आहे की दोन?" मी विचारलं. तिने कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आधी सांगा सर, पेशंटचं दुखणं केव्हा सुरू झालं होतं?"

खण उघडाच होता. "सकाळी सहाला," मी म्हणालो. मग तिला समोरच्या खुर्चीत बसवलं. "पण ही वेळ धरू नका. मला पुन्हा विचारा. कोणत्या बांधीत, ते विचारा."