बठ्ठा खाले उनात

त्या वसंतात आमची पोस्टिंग हिमाचलमधल्या एका उंच खिंडीवर होती. गरुड, ससाणे, घारी उत्तरेकडे परतताना त्याच खिंडीतून जात. पक्षी अभ्यासकांनी त्यांची मोजणी करून मागितली आणि कॅप्टनसाहेबांनी दुर्बीण लान्स नाईक हिंमतच्या हातात दिली. तो चोपड्याचा, मी दोंडाईच्याचा. सीनियर मी. माझ्या वाट्याला रेडिओ सेट आला.

हिंमत रोज वरच्या धारेवर बसायचा आणि आकडे सेटवर द्यायचा. मी खालून नुसत्या डोळ्यांनी मोजायचो, त्याला चुकताना पकडायचं म्हणून. दर वेळी त्याचा आकडा माझ्यापेक्षा जास्त भरायचा, आणि खरा निघायचा. साहेब त्याला 'हमारा गरुड' म्हणायचे. माझ्या पोटात दुखायचं. समोरचं जेवण गोड लागायचं नाही.

एके दुपारी लख्ख ऊन होतं. आमची सहा जणांची पेट्रोल पार्टी नाल्यात उतरली होती; मी साहेबांबरोबर पोस्टवर, सेटपाशी. सेट खरखरला. हिंमतचा आवाज.

"बठ्ठा खाले उनात. ओव्हर."

गडबडीत तो आमच्या अहिराणीवर घसरला होता. साहेबांनी 'बैठा' ऐकलं. "कौन बैठा? गिनती बोलो."

मी म्हणालो, "साहेब, बठ्ठा मतलब सब. सारे पंछी नीचे उतर आए."

साहेबांनी आभाळाकडे पाहिलं. ऐन उन्हात गरुड चढती हवा सोडून खाली येतात, म्हणजे वर हवामान बिघडलंय. त्यांनी सेट स्वतः हातात घेतला. "पार्टी वापस. हिंमत, तुम भी. अभी."

"रॉजर."

पार्टी पोस्टवर पोचली तेव्हा हातभरावरचा माणूस दिसू नये असा बर्फ पडत होता. हिंमत पोचला नाही. दुसऱ्या सकाळी धारेखाली सापडला. दुर्बीण कोटाच्या आत होती, कोरडी.

ते सहाही जण आज त्याचंच नाव घेतात. घ्यायलाच हवं. पण त्या शब्दाचा अर्थ साहेबांना मी सांगितला, हे एकाच्याही तोंडून निघत नाही. मला अजून हिंमतचा हेवा वाटतो. मेलेल्या माणसाचा.

दर वर्षी मी दोंडाईच्याहून चोपड्याला त्याच्या आईकडे जातो. यंदा अक्का अंगणात बसल्या होत्या. सातपुड्याच्या अंगाला गरुड घिरट्या घालत होते.

"कितला शेतस रे भाऊ?" त्यांनी विचारलं.

"चार, अक्का."

"मना हिंमत ऱ्हाता ते आखो एक दखाडता."

आणखी एक दाखवला असता? मी पुन्हा वर पाहिलं. उन्हाच्या तिरिपेत, फार उंच, पाचवा होता.